दिवाळी अंकांच्या कामासाठी नवा डेस्कटॉप घ्यायचा आहे: आय-फाइव्ह १२४०० की रायझन?

अक्षरजुळणी (चरई, ठाणे)

नमस्कार मंडळी. गेली एकोणीस वर्षं मी घरूनच डीटीपीचं काम करते. पुस्तकं, स्मरणिका, पत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. आत्ताचं मशीन २०१५ सालचं आहे. इंटेल आय-फाइव्ह ४४६०, आठ जीबी रॅम. मध्ये एकदा हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली, तेवढ्यावर आजवर निभावलं.

आता दोन गोष्टींनी अडलं आहे. पहिली विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे अपडेट थांबले. नोंदणी करून एक वर्षाची मुदतवाढ घेतली, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणजे नेमकी अंक छापायला जायच्या दिवसांत. विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच चालते म्हणे आणि माझी चौथी.

दुसरी गोष्ट वेग. गेल्या वर्षीचा अंक २१२ पानांचा, रंगीत चित्रं भरपूर. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधून छपाईची पीडीएफ काढायला अकरा मिनिटं लागायची. रात्री साडेबाराला संपादकांचा फोन येतो, पान ८७ वर एक वेलांटी चुकली आहे. वेलांटी दुरुस्त करायला दहा सेकंद, आणि परत अकरा मिनिटं. त्या शेवटच्या रात्री मी नऊ वेळा पीडीएफ काढली.

इनडिझाइन, फोटोशॉप, आणि जुन्या प्रकाशकांच्या फायली श्रीलिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात म्हणून तिचं डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची चावी), एवढंच वापरते. गेम नाहीत, व्हिडिओ नाही. मॉनिटर, कीबोर्ड, ६०० व्हीएचा यूपीएस आहे तोच ठेवणार. साठ हजारांपर्यंत तयारी आहे. समोर चार पर्याय आलेत:

नौपाड्यातल्या एका दुकानाचं कोटेशन: आय-फाइव्ह १२४००एफ, एच६१० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, सोबत दोन जीबीचं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड.
वाशीच्या एका दुकानाचं: एएमडीचा रायझन ५ ५६००जी, बाकी जवळपास तेच, कार्ड नाही.
त्याच दुकानाचं दुसरं: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५. हे आधीच्यापेक्षा चौदा हजारांनी जास्त.
आणि माझे चुलत दीर म्हणतात, ऑनलाइन ‘आय-सेव्हन, १६ जीबी’ असं तयार मशीन चौदा हजारांत मिळतंय, एवढे पैसे कशाला घालवतेस?

आणखी एक शंका. माझ्या जुन्या प्रोसेसरवर ३.२ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि १२४०० वर २.५. मग नवा हळू कसा नाही?

फ्रेमरेट (घणसोली)

ताई, चौदा हजार जास्त गेले तरी ७६०० घ्या. कारण सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. ५६००जी बसतो तो एएम४ सॉकेट २०१६-१७ चा, त्याचा प्रवास संपत आलाय. ७६०० चा एएम५ सप्टेंबर २०२२ ला आला आणि एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही त्यावर नवे प्रोसेसर देऊ असं सांगितलंय. चार वर्षांनी बोर्ड, रॅम तेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल. इंटेलचा १७०० सॉकेट बारा, तेरा, चौदा अशा तीन पिढ्यांवर थांबला. ऑक्टोबर २०२४ ला कोअर अल्ट्रा आले ते १८५१ सॉकेटवर.

सोल्डरगन (कोपरखैरणे)

ताई, घाई करू नका. तुमच्या कोटेशनमधल्या एका अक्षराबद्दल आधी बोलतो.

इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. कार्ड लावलं नाही तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी. म्हणून दुकानदाराने जीटी ७१० जोडलंय. ते कार्ड २०१६ सालचं. त्याच्या पिढीचे सुरक्षा अपडेटसुद्धा सप्टेंबर २०२४ ला संपले. तुम्ही विंडोज १० चे अपडेट थांबले म्हणून मशीन बदलताय आणि नव्या मशीनमध्ये अपडेट थांबलेलं कार्ड घालताय, हे करू नका. एफ नसलेला साधा १२४०० घ्या. त्यातलं यूएचडी ७३० ग्राफिक्स तुमच्या कामाला त्या कार्डापेक्षा बरं आहे, आणि कार्डाचे पैसे वाचतात.

आता दिरांचं आय-सेव्हन. माझ्या टेबलावर दुरुस्तीला महिन्याला दोन-तीन तरी येतात. उघडलं की आत आय-सेव्हन २६०० नाहीतर ३७७०. म्हणजे २०११-१२ चा माल, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). आजचा आय-थ्री १२१०० पण चार कोअर आठ थ्रेडचाच, पण त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. आणि हे दोन्ही जुने विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. विकणारा काहीतरी करून ११ चढवून देतो, पण ते कधी अडेल याचा भरवसा नाही. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही पायरी झाली, पिढी नव्हे. पिढी पुढच्या आकड्यात असते. १२४०० मधले पहिले दोन आकडे बारा, म्हणजे बारावी. तुमच्या ४४६० मध्ये पहिला चार, म्हणजे चौथी.

गिगाहर्ट्झचं: हे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्याचं माप, आणि २.५ हा पायाचा वेग. काम पडलं की १२४०० चा कोअर ४.४ पर्यंत जातो, तुमचा ३.४ ला थांबतो. शिवाय एका ठोक्यात नवा कोअर कितीतरी जास्त काम उरकतो. त्यामुळे दोन पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

अक्षरजुळणी

बाप रे, एफ मुळे एवढा फरक? कोटेशन तीनदा वाचलं होतं. एफ म्हणजे फॅन असावा असं धरून चालले होते.

पारसिक (कळवा)

ताई, तुमच्या अकरा मिनिटांबद्दल लिहितो, कारण निवड तिथूनच व्हायला हवी.

इनडिझाइनची पीडीएफ काढताना टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसरच्या आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवायला सांगितलं की चार कोअरचे चार आलेख दिसतील. बराच वेळ एकच आलेख वर चिकटलेला असेल, बाकीचे खाली. हे काम मुख्यतः एका कोअरवर चालतं. म्हणजे बारा कोअर, सोळा कोअर यांचे पैसे तुम्हाला परत मिळणार नाहीत. एक कोअर किती जोरात पळतो तेवढंच बघायचं. त्यात ७६०० पहिला (५.१ पर्यंत जातो), मग १२४००, मग ५६००जी. पण तुम्ही ४४६० वरून येताय. तिथून या तिघांपैकी कशावरही उडी मोठीच आहे. ७६०० आणि १२४०० मधला फरक त्या उडीपुढे लहान.

दुसरं, तो आलेख वर असतानाच मेमरीचा आकडाही बघा. आठ जीबीत २१२ रंगीत पानं, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम उघडे असतील तर रॅम भरून मजकूर एसएसडीवर सांडत असणार. अकरापैकी किती मिनिटं प्रोसेसरची आणि किती या सांडण्याची, हे आधी कळू द्या.

अक्षरजुळणी

आत्ता करून पाहिलं. मागच्याच वर्षीची फाइल, तीच सेटिंग्ज. फोटोशॉप आणि ब्राउझर चालू ठेवून १० मिनिटं ५० सेकंद. मेमरी ९७ टक्के. दोन्ही बंद करून परत काढली: ७ मिनिटं १५ सेकंद. एक आलेख शेवटपर्यंत वर, बाकीचे मध्येच उसळून खाली. साडेतीन मिनिटं नुसती रॅम कमी म्हणून जात होती! इतकी वर्षं प्रोसेसरला बोल लावत होते.

खाडीकाठ (ऐरोली)

इंटेल घ्यायच्या आधी एकदा विचार करा. माझ्या मेहुण्याने तेराव्या पिढीचा आय-नाइन घेतला, सहा महिन्यांत मशीन आपोआप बंद पडायला लागलं. बोर्ड बदलून झाला, रॅम बदलून झाली, शेवटी प्रोसेसरच बदलावा लागला.

सोल्डरगन

खाडीकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो १२४०० ला लागू नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन आतला भाग झिजत होता. २०२४ च्या जुलैत इंटेलने हे मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एकदा झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. मेहुण्यांनी नवीन बसवल्यावर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, या दुरुस्त्या त्यातूनच येतात) अपडेट केलंय ना, एवढं विचारा. बारावी पिढी यात नव्हतीच.

खाडीकाठ

बायोस केलेलं नाही. आजच सांगतो. धन्यवाद.

आंबेघोसाळे (ठाणे)

फ्रेमरेट म्हणतो तो सॉकेटचा फायदा मी स्वतः घेतलाय. २०१८ ला रायझन ५ २६०० आणि बी४५० बोर्ड घेतला होता. २०२३ ला त्याच बोर्डावर बायोस अपडेट करून ५७००एक्स बसवला. सहा कोअरचे आठ झाले, बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोजही तेच. तेव्हा हा फायदा कागदावरचा नाही.

एक सांगून ठेवतो, एएम४ वाल्या सगळ्यांसाठी. प्रोसेसरवरचा जुना कूलर (थंड ठेवणारा पंखा) काढताना मशीन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवा, कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. मी थंड मशीनवर सरळ वर ओढला. दोघांमधली पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली. प्रोसेसर सॉकेटमधून कूलरला चिकटूनच बाहेर आला, खटका बंद असताना. त्याच्या पोटावर तेराशेच्या वर पिना असतात. दोन वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलीचं शिसं काढून तिच्या नळीने एकेक सरळ करताना अर्धा तास श्वास रोखून बसलो होतो. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे ही भीती नाही, पण तिथे बोर्डाच्या पिना जपाव्या लागतात.

पारसिक

दादा, अनुभव मोलाचा. पण ताईंचं मशीन अकरा वर्षं चाललं आणि त्यांनी त्यात एसएसडीखेरीज काही बदललं नाही. ज्याला दर चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचाय त्याला एएम५ चे चौदा हजार परत मिळतात. एकदा बसवलं की दहा वर्षं डबा न उघडणाऱ्याने ते आगाऊ का भरायचे? त्यापेक्षा ते आज रॅममध्ये घालावेत.

विजेचंही बघून ठेवलं. जास्तीत जास्त ओढ १२४०० ची ११७ वॉट, ७६०० ची ८८. आकडे बघून इंटेल जास्त वीज खातो असं वाटतं. पण मजकूर लावताना, प्रूफ वाचताना प्रोसेसर जवळपास रिकामाच बसलेला असतो, आणि रिकाम्या वेळी ७६०० थोडी जास्तच ओढतो कारण त्याचे तुकडे वेगवेगळे जोडलेले असतात. दिवसभराचा हिशेब बरोबरीत सुटतो. सतत तीस वॉटचा फरक धरला तरी आठ तासांनी तीनशे दिवसांचे ७२ युनिट होतात. त्यासाठी प्रोसेसर निवडू नका. यूपीएस कार्डाशिवायच्या कुठल्याही मशीनला पुरेल.

कोरी_पाटी (नेरूळ)

मी पण याच विचारात आहे. कोअर अल्ट्रा घ्यावा का? त्यात एआयसाठी वेगळा भाग असतो ना?

पारसिक

डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत एनपीयू (तोच एआयचा भाग) १३ टॉप्सचा आहे, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस या एआय सोयींसाठी ४० लागतात. तेव्हा त्या भागासाठी म्हणून घेऊ नका. बाकी प्रोसेसर चांगले आहेत, पण रॅम डीडीआर५ च लागते, आणि अडचण तिथेच आहे.

सोल्डरगन

हो, रॅमचं बोलायलाच हवं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भाव असे चढले की सकाळचं कोटेशन संध्याकाळी धरत नाहीत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली ताकद एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. डीडीआर४ पण महागली. ताई, तुमच्या तिन्ही कोटेशनमध्ये १६ जीबी आहे आणि तुमच्या कामाला ३२ हवी. ती धरली की ७६०० वालं मशीन तुमच्या साठ हजारांत बसणं कठीण. घरात, नात्यात कुठे डीडीआर४ पडून आहे का बघा.

अक्षरजुळणी

माझ्या जुन्या मशीनची चालेल का? आणि भावाच्या ऑफिसातलं एक मशीन डिसेंबरात बोर्ड जळून गेलं. ते त्याच्या माळ्यावर आहे.

सोल्डरगन

तुमची डीडीआर३, ती बसणारच नाही, खाचेची जागाच वेगळी. भावाची काढून बघा. स्टिकरवर डीडीआर४ किंवा पीसी४ असं लिहिलेलं हवं. आणि लांबी मोजा. डेस्कटॉपची पट्टी सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास असते, लॅपटॉपची तिच्या निम्मी. छोट्या डब्यातल्या काही ऑफिस मशीनमध्ये लॅपटॉपचीच रॅम असते.

अक्षरजुळणी

रविवारी मुलुंडला जाऊन आले. माळ्यावरून डबा काढला, झाकण उघडलं तर आत धुळीचा नमदा. दोन पट्ट्या आहेत. स्टिकरवर १६जीबी, पीसी४, ३२००. फूटपट्टी लावली: १३.३ सेंटिमीटर. भाऊ म्हणाला, घेऊन जा, माझ्याकडे गंजत पडल्यात.

सोल्डरगन

मग प्रश्नच मिटला! १६-१६ च्या दोन, म्हणजे ३२ जीबी, दोन्ही चॅनेल (रॅमचे रस्ते) भरले. सोनेरी टोकं मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि कोरड्या ब्रशने झटका. खाडीच्या हवेला ती काळवंडतात. आता साधा १२४०० आणि डीडीआर४ वाला बी७६० बोर्ड. बी७६० दोन्ही प्रकारांत मिळतो, खोक्यावर डीडीआर४ लिहिलेलं डोळ्यांनी बघूनच पैसे द्या. एच६१० वर साधारण रॅमच्या दोनच जागा असतात, दोन्ही आजच भरतील. चार जागांचा बी७६० घेतलात तर पुढे वाव राहील.

फ्रेमरेट

मी ७६०० म्हणत होतो, पण ३२ जीबी घरचीच असेल तर १२४०० च. ५६००जी पण डीडीआर४ वर चालेल, मात्र त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड, एनव्हीएमई जोडायचा मार्ग) जुना ३.० आहे. एका कोअरच्या वेगात १२४०० पुढे. वाचलेल्या पैशात एक टीबीची एनव्हीएमई आणि चांगला पॉवर सप्लाय घ्या ताई.

आंबेघोसाळे

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. ठाण्याहून फास्टने दादर, पश्चिमेची स्लो पकडून ग्रँट रोड. आधी ठाण्यातल्या आणि वाशीतल्या दुकानांना हीच नवी यादी द्या. भावात फार अंतर नसेल तर जवळचं दुकान बरं. काही बिघडलं तर बोर्ड पिशवीत घालून रिक्षाने जाता येतं.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा. ट्रेवरचा (खोक्याविना सुटा) थोडा स्वस्त पडतो, पण सोबत कूलर नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही खोक्यावरच असते. बिलावर खोक्यावरचा सीरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिल त्या नंबरवर करा, १८ टक्क्यांची वजावट मिळते.

सोल्डरगन

जोडणी तुमच्यासमोर करायला सांगा. दोनच गोष्टी बघा. सॉकेटचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढल्यावर आतल्या पिनांचा फोटो घ्या, सगळ्या एका रेषेत दिसायला हव्यात. एखादी वाकलेली असली तर वॉरंटीत बोर्ड घेत नाहीत, आणि मग ती आधीच वाकलेली होती हे सिद्ध करता येत नाही. दुसरं, इंटेलच्या कूलरला चार पाय असतात. तिरपे समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन असे दाबायचे. प्रत्येकाचा खटका ऐकू आला पाहिजे. बोर्ड उलटा करून बघितलं की चारही पांढरी टोकं सारखी बाहेर आलेली दिसतात. एक जरी अर्धवट राहिला तरी मे महिन्यात मशीन तापून हळू होईल आणि तुम्ही पुन्हा प्रोसेसरला दोष द्याल.

अक्षरजुळणी

मंडळी, मशीन आलं. ठाण्यातल्याच दुकानातून घेतलं. १२४००, बी७६० डीडीआर४, एक टीबी एनव्हीएमई, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, डबा. रॅम भावाची. सगळं मिळून बजेटच्या बरंच आत बसलं.

कूलरचा तिसरा खटका ऐकू आला नव्हता. मी त्या मुलाला बोर्ड उलटा करायला लावला. एक टोक खरंच आत राहिलं होतं. त्याने काही न बोलता काढून परत बसवला.

रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) चालवली, एकही चूक नाही. श्रीलिपीचं डोंगल पुढच्या पोर्टवर दिसेना, मागच्या बाजूच्या यूएसबी २.० पोर्टला लावून त्याचा नवा ड्रायव्हर टाकला तेव्हा दिसलं. मग मागच्या वर्षीचा अंक उघडला. फोटोशॉप चालू, ब्राउझर चालू. पीडीएफ: २ मिनिटं ४० सेकंद. विश्वास बसेना म्हणून पान ८७ उघडून ती वेलांटी पाहिली. जागेवर होती.

सगळ्यांचे मनापासून आभार.

सोल्डरगन

ऐकून फार बरं वाटलं ताई. सॉकेटचं ते काळं झाकण ठेवलंत ना? बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लावूनच घेतात.

अक्षरजुळणी

ठेवलंय. प्रोसेसरच्या खोक्यात, बिलासोबत.